देवराईतली चिचुंद्री

४ ऑक्टोबर

डॉक्टर आयकांदे आज मोरोगोरो शहरातून येऊन पोचल्या. डॉक्टर येणार एवढाच निरोप होता, म्हणून मी सकाळीच गुडघ्याला तेल चोळून ओट्यावर बसले होते. माझ्यामागे शेजारच्या बायका, एकीच्या कडेवर खोकणारे पोर. बाई गाडी खाली रस्त्यावर सोडून चढून आल्या, पाणी प्यायल्या आणि आमची रांग बघून ओशाळल्या.

"मी उंदरांची डॉक्टर आहे हो," त्या म्हणाल्या.

"उंदरांना काय झालंय?" मी विचारले.

"काही नाही. इथं कोण कोण राहतं, तेवढं बघायचंय."

बायका पांगल्या. गुडघा तसाच आहे. बाईंबरोबर किटुंडू नावाचा सापळे लावणारा माणूस आहे, तो बोलत नाही. दोघांचा तंबू माझ्या घरामागे. दोघांचा स्वयंपाक माझ्याकडे.

माझा नवरा कोलुंबानी गेल्यापासून मक्याच्या पिठाची उगाली अजून दोघांच्या मापाचीच होते आणि सकाळी कोंबड्यांना जाते. आज भांडे कमी पडले. बरे वाटले.

७ ऑक्टोबर

आमिष करण्याचे काम मला मिळाले. भाजलेले शेंगदाणे, सुकी मासळी आणि पिकलेले केळे उखळात कुटायचे. वास इतका चांगला सुटला की सेम्बोजाने ओट्यावर बसून मूठभर खाल्ले आणि मग विचारले, हे काय आहे.

"उंदरांचं जेवण."

"तरीच. तुम्हा लुगुरूंच्या घरी पाहुण्याला असलंच मिळणार."

"झिगुवाला कळलं कधी, पोट भरल्यावर?"

डॉक्टरीणबाई बघत राहिल्या. तो गेल्यावर म्हणाल्या, "आई, हा माणूस तुमच्याशी असं का बोलतो?" मी सांगितले. झिगुवा आणि लुगुरू या दोन जमातींत पणजोबांच्या आधीपासून थट्टेचे नाते आहे. झिगुवाने लुगुरूला वाटेल ते बोलावे, हातातले ओढून घ्यावे. लुगुरूनेही तेच करावे. चिडायचे मात्र नाही. चिडला त्याची सात गावांत शोभा. बाईंच्या किलिमांजारोकडेही असते म्हणे असे, पण ते दुसऱ्या लोकांशी.

सेम्बोजा खाली रस्त्याला सायकली दुरुस्त करतो. बायको जाऊन बरीच वर्षे झाली. आज एवढा डोंगर चढून काडेपेटी मागायला आला होता. मागच्या आठवड्यात मीठ. त्याच्या शेजारीच दुकान आहे, तिथे काय विकतात कोण जाणे.

९ ऑक्टोबर

नुसत्या सापळ्यांनी भागत नाही. चिचुंद्र्या आमिषाला भुलत नाहीत, त्यांच्यासाठी जमिनीत बादल्या पुरायच्या, काठ मातीबरोबर आणि मधून प्लॅस्टिकचे बुटके कुंपण. चिचुंद्री कुंपणाच्या कडेने पळते आणि बादलीत पडते. बाईंना बादल्यांची रांग आमच्या कुळाच्या देवराईत लावायची आहे, कारण जुने जंगल तेवढेच उरले आहे.

कुळ आमच्यात आईकडून चालते, पण देवराईची परवानगी भाऊ देतो. गेर्वासीभाऊ म्हणाला, "पूर्वजांच्या उशाशी खड्डे खणायचे? उंदरांसाठी?"

मी म्हटले, "पूर्वजांना तरी कळू दे, उशाशी कोण राहतं."

त्याने बराच वेळ तंबाखू मळली. शेवटी हो म्हणाला, पण महिनाअखेरपर्यंतच. नोव्हेंबर लागला की पूर्वजांचे दिवस सुरू होतात, मग पेरणी होईपर्यंत आत कोणी जायचे नाही. आणि लाल रंग आत चालत नाही.

बाईंच्या सगळ्या बादल्या लाल!

१० ऑक्टोबर

दिवसभर दारोदार फिरून पिवळ्या बादल्या गोळा केल्या. एकेका बादलीमागे एकेक लाल बादली बदली दिली, पण लाल बादलीतले पाणी बायकांना आवडत नाही म्हणतात. पाण्याला रंग लागत नाही हे त्यांना समजावून माझा घसा बसला.

भावाने देवराईच्या तोंडाशी पीठ शिंपडले, पूर्वजांना सांगितले की पाहुणे आले आहेत, शिकलेले आहेत, समजून घ्या. मग गळ्यातल्या क्रूसाला हात लावला. दोन्हीकडे सांगून ठेवलेले बरे.

१२ ऑक्टोबर

बेडूक. फक्त बेडूक.

१४ ऑक्टोबर

आज पहाटे बादल्या बघायला मीही गेले होते. धुके इतके की पुढची बादली पायाला लागेल तेव्हा कळे. एका बादलीच्या तळाशी काळपट काहीतरी होते. मला वाटले पान. पानाने नाक वर केले.

अंगठ्याएवढी चिचुंद्री. राखी, मऊ, शेपूट तोकडे आणि जाड. मी ओरडणार होते, पण देवराईत मोठ्याने बोलत नाहीत, म्हणून नुसतेच हात हलवत राहिले. किटुंडूला वाटले मला साप चावला.

बाईंनी तिला चिमटीत धरले, मापे घेतली, भिंगातून बघितले आणि म्हणाल्या, "आई, मी ही कधीच पाहिलेली नाही."

मला दिवसभर हसू येत होते. संध्याकाळी सेम्बोजाला सांगितले. तो म्हणाला, "आणखी एक लुगुरू सापडला. एक पाय आखूड आहे का बघ, डोंगरावर जन्मलेल्यांचा असतो."

१५ ऑक्टोबर

आनंद फार टिकला नाही. सापडलेले पिल्लू आहे. चिचुंद्र्यांच्या जाती दातांवरून आणि कवटीवरून ठरतात, आणि पिल्लाची कवटी पुरती भरलेली नसते. मोठे जनावर मिळाल्याशिवाय नवी जात आहे असे कोणी मानणार नाही. परवानग्या आणि पैसे मिळवून बाई इथवर आल्या आहेत, पुन्हा येता येईल की नाही त्यांनाच ठाऊक नाही.

"आणि नाही मिळालं मोठं, तर?"

"तर हे पिल्लू बाटलीवर प्रश्नचिन्ह घेऊन कपाटात पडून राहील. माझ्यानंतरही."

ते मला आवडले नाही. रात्रभरच्या थंडीने गारठलेले ते बादलीतून काढल्यावर तासाभरात मेले होते. आपण त्याला घरातून बोलावून आणले, आणि आता कोण ते विचारायचेही नाही?

बाईंनी त्यांचे मोठे पुस्तक वाचायला दिले आहे. मी वाचायला शिकले ती सुकी मासळी बांधून येते त्या वर्तमानपत्रांवर, त्यामुळे माझ्या बहुतेक बातम्या अर्ध्याच आहेत. कितीतरी खटल्यांचे निकाल मला अजून माहीत नाहीत. सबंध पुस्तक, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, हे वेगळेच सुख आहे. कोलुंबानीला मोठ्याने वाचून दाखवले असते. तो झोपी गेला असता, पण दाखवले असते.

१९ ऑक्टोबर

बादल्या रिकाम्या. दोन उंदीर मिळाले, ओळखीचे. एक खेकडा, तो किटुंडूने खाल्ला.

बायका ओट्यावर येऊन बसतात. "पेर्पेतुआ, माझी बादली कधी देतेस? लाल बादलीतून पाणी पिऊन सासूबाई रोज नवीन दुखणं काढतात." मी म्हणते, महिनाअखेर. सासूबाईंना सांग, शास्त्रासाठी आहे.

आजकाल पहाटे माझी मलाच जाग येते. आज काय पडले असेल बादलीत, असे मनात येते. पुष्कळ दिवसांत सकाळबद्दल असे काही वाटले नव्हते.

२२ ऑक्टोबर

लिहायचे मन नाही, तरी लिहिते.

आज मिळाली होती. मोठी, भरलेली, चांगली रागीट. बाई आणि किटुंडू उरलेली रांग बघायला थांबले, आणि चिचुंद्रीला थंडी लागू नये म्हणून बाईंनी कापडी पिशवीत घालून मला पुढे पाठवले. मी पिशवी अंगावर गुंडाळलेल्या कांग्याच्या आत पोटाशी धरून उतरले. पिशवीतून ती मला ढुशा देत होती.

ओट्यावर बायका बादल्यांसाठी बसलेल्या, आणि सेम्बोजा. मला बघून उभा राहिला.

"काय लपवलंय पोटाशी, लुगुरूबाई? या वयात?"

बायका खिदळल्या. मी तोंड उघडायच्या आत त्याने पिशवी ओढली. आमिषाचे दाणे मी तसल्याच पिशवीत ठेवते, त्याला तेच वाटले. पिशवी उंच धरून नाचला, "सोडवून घ्यायची असेल तर कोंबडं आणा!" आणि दाणे खायला आत हात घातला.

ती कडकडून चावली. त्याने हात झटकला. कॉफीच्या झुडपांखाली शेपटाचे टोक दिसले, मग तेही नाही.

सगळे हसले. थट्टेत असे झाले की हसायचेच असते, ज्याचे गेले त्याने तर आधी. मीही हसले. माझे हसणे मलाच दुरून ऐकू येत होते.

बाई आल्या तेव्हा मला सांगावे लागले. त्यांनी विचारले, "कोणी?" सेम्बोजाने चावलेले बोट वर केले. बाई त्याच्यावर नाही ओरडल्या. पायरीवर बसल्या आणि बुटांकडे बघत म्हणाल्या, "यात हसण्यासारखं काय आहे, मला कोणीतरी सांगा."

सेम्बोजा चहा न पिता उतरून गेला.

मला राग आला की मी भांडी घासते. आज किटुंडूचे बूटसुद्धा घासले.

२३ ऑक्टोबर

अजून उजाडले नव्हते तेव्हा सेम्बोजा आला. बोटाला चिंधी, काठीला दोन्हीकडे एकेक पिवळी बादली. त्याच्या घरच्या. किटुंडूला म्हणाला, "खड्डे कुठं खणू?"

मी म्हटले, "सपाटीकरा, अंधारात चढलास, दरीत नाही पडलास?"

"नाही," तो म्हणाला.

नुसते नाही! झिगुवा माणसाने लुगुरू बाईला नुसते 'नाही' म्हटलेले मी जन्मात ऐकले नव्हते. मी आणखी दोन-तीन खडे टाकून बघितले. खाली मान घालून खणत राहिला.

आजारी असावा. चिचुंद्री चावल्याने माणसाला काही होते का, ते पुस्तकात शोधले. सापडले नाही. आले घालून कडक चहा दिला, औषध म्हणून.

२६ ऑक्टोबर

सेम्बोजा रोज येतो. बादल्यांपाशी गुडघ्यांवर बसून पानांखाली कान लावतो. परवा बाईंना विचारत होता, यांचे रस्ते ठरलेले असतात का. बाई म्हणाल्या, बहुधा मुळांच्या आणि दगडांच्या कडेने. तर आज त्याने स्वतःच्या दोन बादल्या उपटून एका जुन्या झाडाच्या मुळाशी पुन्हा पुरल्या. बाईंचा राग आता बराच उतरला आहे.

पण माझ्याशी एक थट्टा नाही. घर कसे गप्प वाटते. इतकी वर्षे हा माणूस माझ्या डोक्याला ताप, आणि आता ताप नाही तर डोके दुखते. कॉफीच्या झुडपांना पाणी घालताना मी उगाच मोठ्याने म्हटले, "काही लोकांची जीभ चिचुंद्रीनं नेली वाटतं." त्याने झारी माझ्या हातातून घेतली आणि उरलेल्या झुडपांना पाणी घातले.

संध्याकाळी बाई म्हणाल्या, "आई, हा माणूस रोज एवढा डोंगर का चढतो?"

"थट्टेत नुकसान झालं तर भरून द्यावं लागतं. रीत आहे."

"एवढंच?"

"आणखी काय असणार?"

बाई पुस्तकात तोंड घालून हसल्या. काय गमतीचे आहे म्हणून नंतर मी ते पान काढून बघितले. घुशीच्या आतड्याचे चित्र होते.

२८ ऑक्टोबर

काही नाही. बाई तंबूतले सामान आवरू लागल्या आहेत. पिल्लाच्या बाटलीवर त्यांनी चिठ्ठी चिकटवली. मी बघायला गेले नाही.

गेर्वासीभाऊला म्हटले, चार दिवस वाढवून दे. तो म्हणाला, "पूर्वज काय कचेरीतले आहेत, अर्ज करून तारीख पुढे ढकलायला?" त्याचेही खरे आहे.

३१ ऑक्टोबर

मिळाला. ते आधी लिहून टाकते.

आज शेवटची पहाट होती. आम्ही चौघे गेलो. धुके, आणि थंडी अशी की बोटे वळत नव्हती. माझ्या वाटणीच्या बादल्या रिकाम्या निघाल्या, मी प्रत्येक बादली काढून चिखल पुसत होते, कारण बायकांना परत द्यायच्या. मग वरून सेम्बोजाची शीळ ऐकू आली. देवराईत शीळ घालत नाहीत, पण कोणी काही म्हटले नाही.

त्याच्याच बादलीत, झाडाच्या मुळाशी. मेलेला होता. थंडीने गेला असावा, पाय पोटाशी घेऊन निजल्यासारखा. बाईंनी तिथेच गुडघे टेकून त्याचे तोंड उघडले आणि भिंग लावले.

"म्हातारा नर आहे," त्या कुजबुजल्या. "दात झिजलेत. पण हा बाजूचा बारीक दात बघा. या डोंगरातल्या कुठल्याच ओळखीच्या चिचुंद्रीला तो नसतो. पिल्लालाही होता, पण पिल्लावर मी विश्वास ठेवत नव्हते." मग त्यांना रडू आले, आणि किटुंडूने त्यांना स्वतःचा रुमाल दिला, जो बघून त्या रडायच्या थांबल्या.

म्हणजे नवी जात. संग्रहालयातल्या जुन्या चिचुंद्र्यांशी ताडून बघायचे, लिहायचे, छापायचे, वर्ष-दोन वर्षे जातील. पण प्रश्नचिन्ह राहणार नाही, बाई म्हणाल्या.

मी कांग्याच्या टोकात त्याला गुंडाळले. गरज नव्हती, हात आपोआप गेले. उबेला धरून काय उपयोग, हे मला चांगले माहीत आहे.

आम्ही देवराईच्या तोंडाशी आलो, तर वाटेत सेम्बोजा आडवा पडलेला. आमच्या आधी उतरून वाटेवर फांदी टाकली होती आणि फांदीपलीकडे स्वतः उताणा, हात छातीवर.

"थांबा! मयत कोणाची?"

"सेम्बोजा, ऊठ," मी म्हटले. "चिखल आहे."

"लुगुरू मेलाय. या डोंगरात जन्मला, या डोंगरात गेला, म्हणजे लुगुरूच. आणि झिगुवाला खंडणी दिल्याशिवाय लुगुरूची मयत वाट ओलांडत नाही." मग डोळे मिटूनच त्याने चिचुंद्रीचे रडगाणे सुरू केले. "काय सांगू याची कहाणी! जन्मभर किडे खाल्ले, दात झिजवले, आणि मेला कुठं? बादलीत! बायकोनं पाण्याला धाडलं असणार. लुगुरू बाया नवऱ्याला दुसरं काय करू देतात?"

किटुंडू हसला. किटुंडूला दात आहेत हे मला आज कळले. बाई हसल्या. आणि मला जे हसू फुटले ते थांबेना, कांगा पोटाशी धरून मी वाटेवरच बसले.

कोलुंबानीच्या वेळी हा कबरीत उतरून आडवा झाला होता. "आधी माझं कोंबडं, मग हा खाली येईल. मला जागा आवडलीय, मी हलत नाही." सगळे गाव काठावर उभे, फादर प्रार्थनेचे पुस्तक घेऊन ताटकळलेले, आणि मी हसले होते. त्या दिवसातले मला तेवढेच नीट आठवते. बाकी सगळे धुके.

"बरं, काय पाहिजे?" मी डोळे पुसून विचारले. "कोंबडं?"

"कोंबडं एकदा खाल्लं की संपलं."

"मग?"

"रोज संध्याकाळी तुझ्या ओट्यावर चहा. मरेपर्यंत."

"कोणाच्या मरेपर्यंत?"

"ते सावकाश ठरवू. घाई कोणाला आहे?"

मी म्हटले, एका चिचुंद्रीला हे फार महाग आहे, असा दर कोणी ऐकलेला नाही. रोजची चहापत्ती, रोजची साखर. तो म्हणाला, साखर तो आणेल. मी म्हटले, रोज चढून यायचे, पावसात काय करणार? तो म्हणाला, भिजणार. डोळे अजून मिटलेलेच, पण एक पापणी हलत होती.

मी विचार करत राहिले असते. इतक्यात बाई मागून म्हणाल्या, "आई, काय ते लवकर द्या हो. नमुना ताबडतोब स्पिरिटमध्ये घातला नाही तर खराब होईल."

मग माझा नाइलाज झाला. मी हो म्हटले. शास्त्राचे काम अडून राहिले असते.